उलथणं निशाणीचा पक्ष

माझी नात सासर सोडून आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी आणि एक फोन होता. फाट्यावर एस.टी.तून उतरून ती चालत घरी आली. मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. ती माझ्या शेजारी बसली, पिशवी मागे सरकवली आणि शेंगा फोडू लागली. तिचा एक गाल कानापर्यंत सुजला होता. मी काही विचारलं नाही. जे डोळ्यांना दिसतंय ते पुन्हा माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे मला कधी पटलं नाही. सूप भरल्यावर मी एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. मी आत जाऊन तवा ठेवला.

तिची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून ती माझ्या हाताखाली वाढली. तिचा बाप म्हणजे माझा मुलगा. शेती करतो. सोयाबीन, तूर, ज्वारी. माणूस वाईट नाही, पण चार लोकांत वाईट दिसू नये याची त्याला फार काळजी. एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला, तोही बिनविरोध, आणि ते तो अजून सांगत असतो.

मी नातीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिनं नवऱ्याविरुद्ध तक्रार दिली. मुलाला ते आवडलं नाही. मग सासरचे निरोप सुरू झाले. आधी तक्रार मागे घ्या, मग पोरीला मानानं नेतो, आमचा पोरगा पुन्हा हात उचलणार नाही. मुलाचं म्हणणं, मिटवून घ्यावं. माझं म्हणणं, पोरीला विचार. आणि पोरगी काहीच म्हणत नव्हती. ती परत जाणार की राहणार, ही गोष्ट रोज आमच्या ताटाभोवती फिरायची आणि तिघंही खाली मान घालून जेवायचो.

ती घराबाहेर पडेनाशी झाली. आमचं गाव सास्तूरच्या बाजूचं, भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. घरं ओळीनं, एकसारखी, दारासमोर दार. समोरची बाई चहाला गूळ टाकते का साखर, ते इथून कळतं. परत आलेल्या पोरीला अशा गावात आडोसा नाही. ती आतल्या खोलीत पडून फोन बघायची. मला वाटायचं, नवऱ्याचे मेसेज वाचत असेल.

एका दुपारी आतून हसण्याचा आवाज आला. मला आधी खरंच वाटलं नाही. उठून दारात गेले.

"काय बघून हसलीस?"

"आज्जी, आमच्या पंतप्रधानानं राजीनामा दिला."

"कवा? टीव्हीवर तर काय न्हाय."

"आपल्या न्हवं. आमच्या."

मग तिनं मला जवळ बसवून दाखवलं. फोनमध्ये एक देश होता. तो देश कुठंच नाही. जगातल्या लोकांनी मिळून तो खेळायला केलाय. त्याला समुद्र आहे, नकाशा आहे, वर्तमानपत्र आहे. कुणीही नाव घालून नागरिक व्हायचं, पक्ष काढायचा, निवडणूक लढवायची, कायदे करायचे. सासरी तिला बाहेर सोडत नव्हते, तेव्हा तिनं त्यात नाव घातलं होतं. मी चष्मा लावून नकाशा बघितला. रस्ते दोरी लावल्यासारखे सरळ.

"हे तर आपल्या गावासारखं हाय. सरकारनं वसवल्यावाणी," मी म्हणाले. "हितं पीक कसलं येतं?"

"पीकबिक न्हाय."

"मग माणसं खात्यात काय?"

"काय खात न्हाईत, आज्जी. नुसती भांडत्यात."

"त्यासाठी फोन कशाला पाहिजे मग. नळावर जायचं."

ती पुन्हा हसली. मला तेवढंच पाहिजे होतं. त्या दिवसापासून निवडायची डाळ, फोडायच्या शेंगा, जे काही असेल ते घेऊन मी आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. ती वाचून दाखवायची, मी ऐकायचे. लिहिणं सगळं इंग्रजीत, पण ती मला आपल्या भाषेत सांगायची. मी चौथी शिकले. इंग्रजी मला कळत नाही, पण कोण कुणावर का चिडलाय ते कळतं. ते सगळीकडे सारखंच असतं.

त्या देशात एक नियम होता. नवा माणूस आला की काही महिने त्याला मत नाही. काम करायचं, नकाशे रंगवायचे, वर्तमानपत्रात लिहायचं, आणि मताच्या वेळी गप्प बसायचं. माझ्या नातीची ती मुदत नुकतीच संपली होती. तिला मत मिळालं होतं. तरी तिच्या डोक्यातून तो नियम जात नव्हता.

"तुला मिळालं न्हवं? मग आता तुला काय पडलंय?" मी विचारलं.

"मागून येणाऱ्यांचं काय?"

तिनं मान वर न करता म्हटलं. मी निवडत होते ती डाळ तशीच हातात राहिली. पोरीचं स्वतःचं काय होणार ते ठरत नव्हतं आणि ती मागून येणाऱ्यांची काळजी करत होती. मला बरं वाटलं. माणूस आतून पुरता मोडला असेल तर असं बोलत नाही.

तिनं पक्ष काढायचं ठरवलं. त्याला पाच माणसं लागायची. चार झाली होती. एक ती. एक थंड मुलखातला म्हातारा मास्तर, बायको वारलेली, एकटा राहायचा. एक बाई कुठल्या तरी लांबच्या गावची, तिचं लेकरू पाळण्यात होतं आणि ते झोपलं की ती खेळायची. एक कुणी कॉलेजातला, तो फार बोलायचा नाही. पाचवं माणूस मिळेना. काही लोक एकाच माणसाची चार नावं करून घालतात म्हणे. माझी नात म्हणाली, "तसं न्हाय करायचं. खरं माणूस पाहिजे."

"मग मला घाल," मी म्हणाले.

"तुला?"

"का? मी खरी न्हाय का?"

तिनं माझं नाव घातलं. खरं नाव घालायचं नसतं, म्हणून मी 'म्हातारी' असं सांगितलं. तिनं तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं. त्या लोकांना त्याचा अर्थ कळत नव्हता. मला ते सोयीचं होतं.

पक्ष झाला, आता निशाणी पाहिजे. ती म्हणाली, तिथं निशाणी लागत नाही, सगळे वाचणारेच आहेत. मी म्हणाले, निशाणीशिवाय पक्ष असतो का? निवडणुकीत मी आधी चित्र बघते, मग नाव. तिनं विचारलं, कुठली घेऊ? मी तव्याजवळ उभी होते. हातातलं उलथणं वर केलं. तिनं ते कागदावर काढलं, रंगवलं आणि फोनमध्ये घातलं. त्या लोकांना ते वल्हं वाटलं. आमचा देश समुद्रकाठचा, त्यामुळे त्यांना निशाणी फार आवडली. लेकरू पाळण्यात असलेल्या बाईनं खोदून विचारलं, तेव्हा नातीनं खरं सांगितलं. मग मास्तरनं लिहिलं, की भाकरी उलटायचं हत्यार हे वल्ह्यापेक्षा जास्त कामाचं आहे, बोट रोज कुणाला लागते.

पक्षाचं म्हणणं काय ते लिहायचं होतं. ती दोन दिवस लिहीत आणि खोडत होती. मी म्हणाले, एवढं काय त्यात. मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्या दिवसापासून भाकऱ्या मीच थापल्या, पण आमटीत मीठ किती टाकायचं हे मला कितीतरी वर्षं कुणी विचारलं नाही. लिही, सून ज्या दिवशी घरात येते त्या दिवसापासून राबते, तर त्या दिवसापासून तिला विचारा. आणि भूकंपानंतर आम्ही सगळेच ह्या जागी नवे होतो. तेव्हा कुणी म्हणालं का, तुम्ही नवे, तुम्हाला मत नाही?

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. त्यावर त्या देशात चांगलंच बोलणं झालं. लोक पक्षात येऊ लागले. सगळे नवे, मत नसलेले. त्यांचा आम्हाला निवडणुकीत उपयोग शून्य होता. पण ते यायचे आणि माझ्या नातीला विचारायचे, आता काय करायचं? आणि ती सांगायची.

आतल्या खोलीत रेंज नीट नव्हती. बोलणं वाढलं तशी ती दारात येऊन बसू लागली. मग ओट्यावर. मग अंगणाच्या टोकाला लिंबाखाली, कारण तिथं रेंज सगळ्यात चांगली. नळावरून बायका जायच्या. एकीनं विचारलंच, "काय गं, नवऱ्याशी बोलतीस का फोनवर?"

"न्हाय मावशी. पक्षाची बैठक हाय," ती म्हणाली.

बाई हंडा कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. मी आतून ऐकत होते. बाहेर आले नाही. तिचं ती बघत होती.

तिकडं निवडणूक आली. ज्या पक्षाचं राज्य होतं तो मोठा पक्ष. त्याच्या पुढाऱ्यानं नातीला निरोप पाठवला. तुम्ही उमेदवार उभा करू नका, मतं उगाच फुटतील. तुमची मागणी चांगली आहे. आम्ही निवडून आलो की आम्हीच तो कायदा करू.

रात्री जेवताना तिनं ते बापाला सांगितलं. आपण होऊन ती बापाशी इतकं बोलली, हे बऱ्याच दिवसांनी झालं. मुलगा आधी ह्या सगळ्याला पोरखेळ म्हणायचा. पण निवडणुकीचं नाव निघालं आणि त्याची भाकरी ताटातच राहिली.

"अगं, मग बिनविरोध कर की," तो म्हणाला. "भांडून काय मिळतंय? आपल्या गावात बघ. अर्ज मागं घेतला की दोघांची शोभा ऱ्हाती. ज्यानं मागं घेतला त्याला समदे मानत्यात. त्याचं काम आधी हुतं."

"तसं लिहू का, आण्णा?"

"लिही. आन् नारळ दे. नारळाबिगर बिनविरोध कसलं."

आमच्याकडं रीत तशीच आहे. निवडणूक लागली की मारुतीच्या पारावर गाव बसतं. समजूत पटली की जो मागे सरतो तो दुसऱ्याच्या हातात नारळ देतो आणि दुसरा त्याला शब्द देतो. सगळ्या गावादेखत दिलेला शब्द सहसा कुणी मोडत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच पारावर बसायचं असतं. आम्हा तिघांनाही ते इतकं सरळ वाटलं की कुणी दुसरा विचार केला नाही. मीच देव्हाऱ्यापुढचा नारळ काढून दिला. तिनं त्याला हळदकुंकू लावून फोटो काढला, त्या देशात टाकला आणि खाली लिहिलं, आम्ही उमेदवार मागे घेतो, निवडणूक बिनविरोध व्हावी, आमचा शब्द हा आणि तुमचा शब्द द्या.

पुढाऱ्यानं लिहिलं, धन्यवाद. नारळाचं काय करायचं ते त्याला कळलं नसावं.

निवडणूक झाली, मोठा पक्ष पुन्हा राज्यावर आला आणि आमचा पक्ष गेला. त्या देशाचा नियम असा, की ज्या पक्षाचा एकही उमेदवार निवडणुकीत नाही तो पक्ष आपोआप रद्द. यादीतून नाव गेलं, उलथण्याचं चित्र गेलं. खरं तर नियम पहिल्यापासून लिहिलेला होता. मास्तरनं तो तिला दाखवलाही होता. पण बिनविरोध म्हटल्यावर तो आपल्याला लागेल असं तिला वाटलंच नाही. ज्यानं मोठेपणा दाखवून माघार घेतली त्यालाच कुणी पुसून टाकतं, हे आमच्या गावात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

ती लिंबाखाली बसून पुढाऱ्याला लिहीत होती. मी तांदूळ निवडायला तिच्याजवळ बसले. त्याचं उत्तर आलं तसं तिनं मला वाचून दाखवलं. तो उद्धट नव्हता. त्यानं लिहिलं होतं, माझी ना नाही, पण सभागृहात मागणी मांडायला तुमचा माणूसच नाही. आमच्या पक्षातल्या कुणाला त्याची घाई नाही. मग आत ती मांडणार कोण?

"लबाड हाय," मी म्हणाले.

तिनं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "लबाड हायच. पण बोलतोय ते खरं हाय, आज्जी. आत आपलं कुणीच न्हाय."

रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाठीवर हात ठेवला असता. मी तांदळातले खडे काढत राहिले. थोड्या वेळानं तिनं फोन माझ्यासमोर धरला. मास्तरनं फोटो पाठवला होता. त्याच्या स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यावर एक लाकडी उलथणं. बायकोचं होतं, असं खाली लिहिलं होतं. पक्ष नसला तरी हे इथं टांगून ठेवतो, म्हणाला. मी तो फोटो नीट बघितला. उलथण्याचं टोक एका बाजूनं झिजलेलं होतं. डावरी असणार ती बाई.

त्याच आठवड्यात सासरकडून पाहुणे आले. नवरा आला नव्हता. त्याचा मामा आणि दोन जाणती माणसं आली होती. मुलानं ओसरीवर सतरंजी टाकली. मामानं आल्या आल्या पिशवीतून नारळ काढून समोर ठेवला, म्हणजे मिटवायच्या तयारीनंच आले होते. ऊन, सोयाबीन, एस.टी.ची गर्दी असं सगळं बोलून झालं. मग मामा मुद्द्यावर आला.

"झालं गेलं सोडा, दाजी. पोरगं तापट हाय, पर मनाचं वाईट न्हाय. म्या जबाबदारी घेतो. परत हात उचलायचा न्हाय."

"तुम्ही म्हणताव म्हणजे झालंच," मुलगा म्हणाला.

"तेवढी तक्रार मागं घ्या. मग पोरीला आजच नेतो. मानानं नेतो."

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात नात चहा घेऊन आली. आमच्याकडे अशा बैठकीत पोरीनं चहा ठेवून आत जायचं असतं. तिनं कप ठेवले, ताट भिंतीला उभं केलं आणि माझ्या शेजारी येऊन खाली बसली. तिच्या बांगड्या माझ्या गुडघ्याला लागल्या.

"मामा, एक विचारू का?" ती म्हणाली.

"इचार की."

"तुम्ही त्या घरात ऱ्हाता का?"

"न्हाय. आमचं गाव येगळं. तुला ठाव हाय की."

"मग उद्या त्यांनी हात उचलला तर तिथं माझं कोण मांडणार?"

मामा हसला. "अगं, म्या शब्द देतोय न्हवं का? ह्यो नारळ ठेवलाय."

"नारळ म्या बी दिला हुता," ती म्हणाली. "तक्रार हाय तवर तुम्ही हितं आलाव, खाली बसलाव, माझ्याशी बोललाव. ती मागं घेतल्यावर कोण बोलतंय माझ्याशी? मला न्हाय जायचं. तक्रार बी मागं घेत न्हाय."

कुठला नारळ दिला होता हे मामाला काय कळणार. त्यानं माझ्या मुलाकडं बघितलं. दुसरी दोन माणसंही बघू लागली. मुलगा खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. चार लोकांत वाईट दिसायची वेळ आली की तो असाच करतो, लहानपणापासून. मला वाटलं, आता हा पोरीला आत जा म्हणणार. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो बोलला.

"पाव्हणं, च्या घ्या," तो म्हणाला. "निवतोय. तक्रार ऱ्हाऊ द्या."

"दाजी, इचार करून बोला."

"पोरीनं केलाय इचार. मला बी न्हाय एवढा सुचला."

चहा पिऊन ते गेले. मुलगा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला, कारण पाहुणे ते पाहुणेच. नात तिथंच बसून राहिली. मी तिला उठवलं नाही. तिचे हात माझ्या हातात घेतले आणि मुलगा परत येईपर्यंत धरून ठेवले. वेळ लागला.

कोर्टाचं अजून चालू आहे. तारखा पडतात, आम्ही एस.टी.नं जातो आणि येतो. त्या फोनमधल्या देशात ती अजून नागरिक आहे, पण तिनं पुन्हा पक्ष काढला नाही. नव्या माणसांना तिथं अजून लगेच मत नाही. मास्तर आणि ती अधूनमधून बोलतात. तो मला विचारतो म्हणे, म्हातारी कशी आहे?

त्या दिवशी मामानं आणलेला नारळ सतरंजीवरच राहिला होता. मुलगा फाट्यावरून आला आणि त्याच्याकडं बघत उभा राहिला. परत पाठवावा का, देवळात नेऊन द्यावा, त्याला काही सुचेना.

"माय, ह्याचं काय करायचं?"

"आण हिकडं," मी म्हणाले.

मी तो उंबऱ्यावर फोडला. पाणी गोड होतं. खोबऱ्याची लसूण घालून चटणी वाटली. नातीनं तवा ठेवला आणि तीच भाकऱ्या करायला बसली. पहिली भाकरी उलथण्यानं उचलून तिनं बापाच्या ताटात टाकली. तो म्हणाला, चटणीत मीठ कमी आहे.

मी नातीला विचारलं, "टाकायचं का गं अजून?"

तिनं चाखून बघितलं. म्हणाली, "नको. बरोबर हाय."

मग नाही टाकलं.